आत्याचा हात आणि हिरवं मशीन

त्या माणसानं सगळ्यात आधी हात मिळवला तो टेम्पोवाल्याशी.

आम्ही तिघं उतरलो होतो. पुढे आत्या, मागे मी, आणि टेम्पोवाले काका चाकाला लाथ मारून हवा बघत होते. जुन्या मशिनांचा तो व्यापारी गोदामातून बाहेर आला, आत्याच्या शेजारून असा गेला जसा माणूस खांबाच्या शेजारून जातो, आणि काकांचा हात धरून हलवायला लागला. "या साहेब, या! वाइड बेल्ट बघायला आलात ना?"

"मी टेम्पो चालवतो," काका म्हणाले. "साहेब त्या आहेत."

"हो का? बरं, बरं." त्यानं आत्याकडे एकदा बघितलं आणि परत काकांनाच विचारलं, "चहा घेणार?"

माझ्या तळपायाची आग तिथेच मस्तकात गेली. आत्यानं माझं मनगट दाबलं. तिला माहीत आहे माझं. ती हळूच म्हणाली, "भवाने, आपण मशीन घ्यायला आलोय. मान घ्यायला नाही."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचा लाकूडकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची लांबट खोली, वर पत्रा, एक करवत मशीन, एक रंधा मशीन, भिंतीला टेकवलेल्या फळ्या आणि आम्ही दोघी. दारं करतो, टेबलं करतो, शाळेची बाकंही करतो. मी शाळा अर्ध्यात सोडली, त्यामुळे बाकावर बसले त्यापेक्षा जास्त वेळ माझा बाकं बनवण्यात गेलाय. हे मी छाती काढून सांगते. बाबा मान खाली घालून सांगतात.

आणि वाइड बेल्ट म्हणजे लाकूड घासायचं मोठं मशीन. खाली सरकता पट्टा असतो, त्यावर फळी ठेवायची. वर रबराचा जाड रूळ असतो, त्याच्याभोवती हातभर रुंद काचपेपरचा पट्टा गरगर फिरत असतो. फळी इकडून खडबडीत आत जाते, तिकडून गुळगुळीत बाहेर येते. माणसाला दिवसभर लागेल ते काम चहा निवायच्या आत होतं. नवीन घ्यायची आमची ऐपत नाही, म्हणून जुनं.

आता आत्याचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका मशीनसाठी ही पोरगी एवढी का चिडलीय.

ती फ्रॉक घालायची तेव्हा एका मोठ्या फर्निचरवाल्याकडे कामाला लागली. तिथे पुरुष कापायचे, जोडायचे, ठोकायचे. बायकांना करवतीला हात लावायला बंदी. बायकांनी भिंतीला पाठ लावून बसायचं आणि घासायचं. सकाळी काचपेपरचा तुकडा हातात मिळायचा, संध्याकाळपर्यंत तो आणि बोटं दोन्ही झिजायची. कपाट बघायला आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, वा, काय सफाई आहे, आणि मिस्त्री मिशीवर हात फिरवायचा. मला त्या मिस्त्रीला एकदा भेटायचं होतं. मेला म्हणे. सुटला.

पण घासता घासता आत्याचा हात असा तयार झाला की पॉलिशचा ब्रश बुडवण्याआधी तिला हाक मारायला लागले. ती यायची, डोळे मिटायची, लाकडावरून बोटं फिरवायची. कुठे उंचवटा, कुठे ओरखडा, कुठे रंध्याचा ठोका, सगळं बोटांना दिसायचं. पेन्सिलीनं गोल करायची आणि निघून जायची. तिचं नाव पडलं काचपेपर. अर्धं हातामुळे, अर्धं जिभेमुळे. नवरा होता, तो गेला. म्हणजे वारला नाही, नुसता गेला. आत्या म्हणते, "फार खडबडीत होता, एवढा घासला तरी सपाट झाला नाही." मग तिनं स्वतःची खोली घेतली, स्वतःची करवत घेतली, आणि पहिल्या दिवशी म्हणे कारण नसताना अख्खी फळी कापून तिचे तुकडे केले. नुसतं कापायला मिळतंय म्हणून.

आमच्याकडे नियम एकच. आत्याचा हात फिरल्याशिवाय दारातून काही बाहेर जात नाही. आणि आत्याचा हात फिरला की मग देव आला तरी बदल नाही.

पण घासायचं कोण? हातात धरायचं छोटं मशीन असतं, भुंग्यासारखं घूं घूं करणारं. ते आत्यानं इतकी वर्षं धरलं की आता ते बंद केलं तरी तिचे हात थरथरतात. थंडी असली की बोटं टोकापासून पांढरी पडतात, मेणबत्तीसारखी. सकाळी ब्लाउजची बटणं मी लावून देते. तिच्या हातून दोन कप फुटले, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे ओढून नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हे मशीन धरणं बंद करा. नाहीतर बोटं परत येणार नाहीत."

"मग लाकूड काय जिभेनं घासू?" आत्या म्हणाली.

"विश्रांती घ्या."

"तुम्ही घेता?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. बाबांनी मात्र विषय सोडला नाही. घरी आले आणि म्हणाले, "ताई, आता बस झालं. खोली सोडून दे. आमच्याकडे येऊन राहा. दोन घास खा, टीव्ही बघ." आत्या टीव्ही बघतेय हे चित्र डोळ्यांसमोर आणूनच मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. बाबांवर ओरडले. पण त्यांचंही खोटं नव्हतं. वाइड बेल्ट आलं तर आत्याचे हात सुटतील आणि कारखाना चालेल. नाही आलं तर कारखाना बंद. आणि पैसे एकदाच होते. आत्यानं आजोबांच्या घरातला तिचा वाटा मोडला होता. चुकीचं मशीन घरात आलं तर दुसरं घ्यायला मोडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

अजून एक गोष्ट. त्या आधीच्या महिन्यात एक खानावळवाला त्याचं टेबल परत घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, यावर लाटा दिसतायत. दिवा लावला की पट्टे पट्टे दिसतात." आत्यानं हात फिरवला. "काही नाहीये." तो म्हणाला, "अहो, दिसतायत." आत्या म्हणाली, "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय, तो काढून घ्या, मग टेबल बघा." तो चिडला. मी आत्यापेक्षा जास्त चिडले. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, बोलत बोलत. काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. टेबल आमच्याच दारात ठेवून तो गेला. आम्ही ते कोपऱ्यात ढकललं आणि विसरलो.

तर आता गोदाम.

आत सगळं हिरवं होतं. सगळी मशिनं एकाच रंगानं नुकतीच रंगवलेली. तेल घालायच्या भोकावर रंग, स्क्रूच्या खाचेत रंग, एका मशीनच्या पाटीवर तर नावासकट रंग. मी त्या माणसाचं नाव मनातल्या मनात रंगारी ठेवलं.

"हे बघा साहेब, एकदम कडक माल," रंगारी काकांना म्हणाला.

"मला काय दाखवता?" काका म्हणाले. "मला फक्त याचं वजन सांगा."

वाइड बेल्ट कोपऱ्यात उभं होतं. कपाटाएवढं. रंगाऱ्यानं बटण दाबलं. आधी घुरघुर, मग शिट्टी, मग असा आवाज की दात हलावेत. त्यानं एक फळी उचलली, आत सोडली, पलीकडे जाऊन पकडली आणि फुंकर मारून आत्यापुढे धरली. आता आत्यापुढे, कारण मधल्या वेळात कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं ही कोण ते.

"बाई, तुमच्या हाताचं नाव ऐकून आहे मी," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं."

आत्या फुलली. मला ते दिसलं. ज्या माणसानं मघाशी तिला खांब समजलं होतं त्याच्यासमोर तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि फळीवरून बोटं फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे वाकून बघत होते. काकासुद्धा.

"गुळगुळीत आहे," आत्या म्हणाली.

"वा! याला म्हणतात हात!"

आत्यानं फळी माझ्याकडे दिली. मी ती दाराकडे तिरकी धरली, काही मनात नव्हतं, नुसतीच धरली. आणि मला लाटा दिसल्या. तळ्यावरून वारा गेला की पाणी कसं होतं, तशा बारीक, आडव्या, एकामागे एक, सारख्या अंतरावर. मला वाटलं उजेडाचा खेळ असेल. मी बोट फिरवलं. बोटाला लागल्या. माझ्या बोटाला. मी काही काचपेपर नाही, मला अजून चांगला ओरखडा शोधायलासुद्धा वेळ लागतो. तरी मला लागल्या.

आणि आत्या पिशवीची चेन उघडत होती. आगाऊ पैसे काढायला. चेन तिच्या बोटांत येत नव्हती, सारखी निसटत होती.

तेव्हा मला कळलं. एकदम, थोबाडीत बसावी तसं. मशीन वाईट आहे हे नाही. ते तर आहेच. आत्याची बोटं गेली होती. नुसती दुखत नव्हती, गेली होती, आणि तिला माहीत नव्हतं. रोज ती सगळ्या कामावरून हात फिरवत होती आणि तिला सगळं गुळगुळीतच लागत होतं. बोटं मेल्यावर दुसरं काय लागणार?

आता करायचं काय? "आत्या, तुला कळत नाहीये" असं म्हटलं असतं तर मशीन वाचलं असतं. म्हणजे पैसे वाचले असते. पण कोणासमोर म्हणायचं? त्या रंगाऱ्यासमोर? आयुष्यभर भिंतीला पाठ लावून बसलेल्या बाईकडे जे एकच होतं, ते त्याच्यापुढे उघडं करायचं? मी मेले असते तरी म्हटलं नसतं.

माझ्याकडे दुसरी एकच कला आहे. भांडणं.

"आमची फळी लावा," मी म्हटलं. "टेम्पोत आहे."

"बाहेरची फळी नाही चालत," रंगारी म्हणाला. "पट्टा नवीन आहे, खराब होतो."

"लाकूड घासायच्या मशीनला लाकूड चालत नाही? मग काय, केक घालायचा?"

"ए पोरी, मोठी माणसं बोलतायत."

"कुठे आहेत?"

"गप्प बस," आत्या म्हणाली.

मी गप्प बसले नाही. मी खिशातून खोलीची चावी काढली आणि मशीनच्या बाजूवर जोरात रेघ ओढली. हिरव्या रंगाचा पापुद्रा सालीसारखा निघाला आणि आतून गंजाची भुकटी पडली. "हे बघ आत्या, खालून कुजलंय आणि वरून नटवलंय! आणि हा माणूस मघाशी टेम्पोवाल्याला साहेब म्हणत होता!"

"त्यात काय वाईट?" काका म्हणाले.

"काका, तुम्ही थांबा!"

"हिला बाहेर काढा!" रंगारी ओरडला. "माझ्या मालावर ओरखडे काढते! बाई, तुमच्याकडे बघून सोडतोय."

आत्या पांढरी पडली होती. बोटांसारखीच. "माफी माग त्यांची," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला की समजायचं, आता पळा.

"नाही मागणार."

"माग म्हणते ना."

मी पळाले. पण पळताना तिची पिशवी हिसकून घेतली. पिशवीत पैसे, पैसे नसतील तर व्यवहार नाही. एवढंच गणित मला येतं. टेम्पोत जाऊन बसले, दार आतून लावून घेतलं, काच वर केली. तेव्हा लक्षात आलं की रंगाऱ्याची फळी माझ्या काखेतच आहे.

परतीचा रस्ता कसा गेला ते विचारू नका. पुढच्या सीटवर आम्ही तिघं, मध्ये गिअर, आणि गिअरच्या अलीकडे आत्या.

"तू शाळेत टिकली नाहीस, तुझ्या बापाला तू घरात नको होतीस, मी घेतलं तुला," ती म्हणाली. रस्त्याकडेच बघत. "आणि आज पहिल्यांदा बाहेरच्या माणसानं माझ्या हाताला विचारलं. माझ्या हाताला! आणि तू तमाशा केलास."

मी खिडकीतून बघत राहिले.

"बोल ना आता. तिथे तर फार तोंड होतं."

मी दात आवळून धरले. मला कधी एवढं गप्प बसावं लागलं नव्हतं.

"उद्या मी परत जाणार," आत्या म्हणाली. "एकटी. माफी मागून मशीन घेऊन येणार."

"मला भाडं लागेल," काका म्हणाले. दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेल्या रस्त्यात हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

कारखान्यात आल्यावर आत्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसली, माझ्याकडे पाठ करून. मी रंगाऱ्याची फळी कामाच्या टेबलावर ठेवली. त्यावर काळपट पॉलिशचा एक हात दिला. पंख्याखाली वाळू दिली. मग सपाट ठोकळ्याला काचपेपर गुंडाळला आणि फळीवरून एकच हलका हात मारला. जिथे उंच तिथे रंग निघतो, जिथे खोल तिथे राहतो. यात फसवाफसवी नाही, ठोकळ्याला कोणाचं मन राखायचं नसतं. फळीभर पट्टे उठले. काळा, पांढरा, काळा, पांढरा. जुन्या गादीच्या कापडासारखे.

मी फळी तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन सायकलवाल्याच्या पायरीवर बसले. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. पण दार उघडं होतं, आणि मी काही संत नाही. बघितलं.

आत्या उठली. फळीपाशी आली. पट्टे बघितले. चष्मा काढून पुसला, परत बघितले. मग डोळे मिटून बोटं फिरवली. डोळे उघडले. परत मिटले. डाव्या हातानं फिरवली. मग तिनं ब्लाउजची बाही वर केली आणि मनगटाची आतली बाजू, जिथे नाडी असते ती, फळीवर टेकवून हळूहळू ओढली. अर्ध्यात थांबली. तिथे तिला लागलं असणार.

तिनं बाही खाली ओढली. मग तिनं हाक मारली. नावानं नाही. "ये कार्टे."

मी आत गेले.

"त्याच्या रुळाचं रबर बसलंय," ती म्हणाली. एकदम कामाच्या आवाजात. "काचपेपरचा पट्टा ताणलेला ठेवूनच वर्षानुवर्षं उभं ठेवलंय मशीन. रबर एका बाजूनं चपटं झालंय. फिरताना ठोके देतंय."

"हं."

"तुला तिथेच कळलं होतं?"

"हं."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"त्याच्यासमोर?" मी म्हटलं, आणि मग माझा बांध फुटला. "त्याच्यासमोर बोलू? त्या रंगाऱ्यासमोर? तुला काय वाटतं मी..." पुढचं मला बोलता आलं नाही. मी ठोकळा उचलून भिंतीवर मारला. पत्रा वाजला. सायकलवाला डोकावून गेला.

मला वाटलं आता आत्या रडेल. ती नाही रडली. तिनं ठोकळा उचलला, त्याचा कोपरा तुटलाय का बघितलं, जागेवर ठेवला. मग ती कोपऱ्यात गेली आणि वर टाकलेली पोती बाजूला फेकून खानावळवाल्याचं टेबल ओढायला लागली. एकटीच. मी धावले तर मला ढकललं. दाराशी आणून टेबल तिनं उजेडात तिरकं केलं.

लाटा होत्या. हातातल्या मशीनच्या, वेड्यावाकड्या, पण होत्या. दोघींनाही दिसल्या.

"अजून किती?" आत्या म्हणाली. "असं अजून किती काम मी पास करून पाठवलं?" आणि मग तिनं त्या टेबलाला लाथ मारली. चप्पल उडून रस्त्यावर गेली. "हात! हात! हात! सगळा जन्म या हाताचं कौतुक! आणि हा मेला न सांगता गेला! नवऱ्यासारखा!"

मला हसू आलं. खरंच आलं, काय करू? ती माझ्याकडे बघून अजून चिडली, आणि मग तीही हसली, आणि हसता हसता परत चिडली. मी रस्त्यावरची चप्पल आणून दिली.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणे, आजच काय ते सांगा. आत्यानं फोन लाउडस्पीकरवर ठेवला. "असं करा," ती म्हणाली, "त्या गिऱ्हाईकाला जरूर द्या. आणि तुमची फळी आमच्याकडे राहिलीय, ती पाठवते. भिंतीला लावा, शोभून दिसेल." पट्ट्यांची फळी काकांबरोबर गेली. काका परत येऊन म्हणाले, "हात मिळवायला पुढे आला होता. मी नाही दिला." त्या दिवशी मी काकांना माझ्या पैशांनी चहा पाजला.

मग आम्ही दुसरी मशिनं बघितली. बरीच. एकाचा सरकता पट्टा फाटलेला, एकाची मोटर जळून परत गुंडाळलेली, एक इतकं मोठं की आमची खोली त्याच्या आत बसली असती. प्रत्येक ठिकाणी लोक पहिल्यांदा पुरुष शोधायचे. मी प्रत्येक ठिकाणी भांडले. आत्या म्हणाली, "जरा शक्ती राखून ठेव, मशीन उचलायचंय."

शेवटी एक दारांचा कारखाना बंद होत होता, तिथे गेलो. मशीन कळकट होतं. मूळचा राखाडी रंग, आणि ऑपरेटरचा हात जिथे टेकायचा तिथे तो रंग उडून लोखंड चकाकत होतं. ऑपरेटर म्हातारा, मशिनांच्या आवाजानं कान गेलेले. त्यानं काही विकायचा प्रयत्नच केला नाही. उलट ओरडून तक्रारीच सांगायला लागला. "डावीकडे जाड काढतं! ही चावी अशी फिरवली की सरळ येतं! धूळ ओढायचा पंखा कमजोर आहे, तो बदला! संध्याकाळी पट्टा सैल करा, रोज! मी रोज केलाय!"

पट्टा सैल करा हे ऐकल्यावर आत्यानं माझ्याकडे बघितलं.

या वेळी फळी आमची होती. आत्यानं तिच्यावर पेन्सिलीनं वेड्यावाकड्या रेघा मारल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मशीनमधून काढली. डावीकडच्या रेघा सगळ्या गेल्या नव्हत्या. म्हाताऱ्यानं चावी फिरवली. फळी उलटी करून, परत रेघा मारून पुन्हा काढली. आता सगळीकडून सारख्या गेल्या. फळी दाराकडे तिरकी धरली. पाणी नाही, वारा नाही, लाटा नाहीत.

म्हाताऱ्यानं फळी आत्यापुढे धरली. "बाई, तुमचा हात लागू द्या!" तोही ऐकून होता.

आत्यानं दोन्ही हात मागे बांधले. सगळ्यांसमोर, त्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "माझी बोटं गेली. हिची बघा."

असं म्हणायची गरज नव्हती. काहीही सांगता आलं असतं, घाईत आहे, चष्मा नाही, काहीही. मला इतका राग आला. तिचा नाही. कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही. त्या भिंतीचा, जिला पाठ लावून ती बसायची. कपाटांचा. भुंग्याचा. माझे डोळे भरले म्हणून बरं झालं, नाहीतरी मिटायचेच होते. मी मिटले आणि बोटं फिरवली.

"उजव्या बाजूला काहीतरी आहे," मी म्हटलं. "बारीक. केसाएवढं. सरळ रेघ."

"नक्की?" आत्या म्हणाली. "नीट बघ. घाई करू नकोस. बोट दाबू नकोस, नुसतं ने."

"आहे."

मी म्हाताऱ्याला बोटानं जागा दाखवली. त्यानं मशीन बंद केलं, दार उघडलं, पट्टा काढला आणि पट्ट्याच्या उजव्या कडेला चिकटलेला डिंकाचा थेंब नखानं खरवडला. माझ्याकडे बघून तोंडभर हसला. दात नव्हते. "आहे हो पोरीला हात!"

"हात कसला," आत्या म्हणाली. "ठोकळे फेकते." पण पिशवी तिनं माझ्याकडे दिली, चेन उघडायला.

मशीन आलं तेव्हा खोलीचं दार चौकटीसकट काढावं लागलं. आता हातातला भुंगा खिळ्याला टांगलाय. आत्या स्टुलावर बसते आणि ओरडते, फळी सरळ सोड, पट्टा सैल केलास का, असा हात ठेवतात का. रोज संध्याकाळी मी पट्टा सैल करते आणि रोज ती उठून बघते, केलाय की नाही. तिची बोटं परत आलेली नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. बघू काय? मला त्यांच्याशीही भांडायचंय.

पहिलं काम खानावळवाल्याच्या टेबलाचं झालं. मी हात फिरवला, आत्यानं उजेडात बघितलं, मग पॉलिश केलं आणि काकांच्या टेम्पोतून घेऊन गेलो. मी म्हटलं होतं, मी एकटी जाते, तू येऊ नकोस. ती आली.

खानावळवाल्यानं मला बघितल्यावर आधी गल्ल्याच्या मागे सरकून उभं राहणं पसंत केलं. मग टेबल बघितलं. दिवा लावला. एका बाजूनं वाकला, दुसऱ्या बाजूनं वाकला. मग दिवा बंद केला.

"डोळे चांगले आहेत तुमचे," आत्या म्हणाली.

तो गोंधळला. "बसा ना बाई. काहीतरी घ्या."

आत्या बसली, त्याच टेबलाशी, दोन्ही हात वर ठेवून. मी नाही बसले, मला रडू यायला लागलं होतं. मी टेम्पोत जाऊन बसले आणि हॉर्न दाबून धरला.